डिसेंबरातल्या घरच्या लग्नाला अंगणातलीच फुलं पुरतील का?

तुम्ही विचारलंय की मुलीचं लग्न ९ डिसेंबरला इंदूरच्या घरीच, अंगणात करायचंय. सजावटीची फुलं आत्ता जूनपासून स्वतः लावली तर जमेल का, आणि मागे कचरा न ठेवता मांडणी कशी करावी. जमेल. सगळी फुलं घरची होणार नाहीत, पण ज्यांच्याकडे पाहुण्यांचं लक्ष जातं ती नक्की होतील. चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी सुदामानगरच्या आमच्या अंगणात मी हे केलंय.

आधी मोबाइलवरचे सजावटीचे फोटो बाजूला ठेवा. त्या आठवड्यात आपल्या माळव्यात काय फुलतं ते बघा आणि त्यावरून मांडव ठरवा. मोगरा तेव्हा मिळणार नाही, त्याचा काळ उन्हाळ्याचा. गजऱ्याला कुंदा आणि अबोली घ्या. रोपवाटिकेतून वाढलेली झाडंच आणा आणि मध्ये मरवा गुंफा. मुंडावळ्यांना शेवंती.

झेंडूचं गणित लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजायचं. (मंडीत त्याला गेंदाच म्हणायचं.) बियाण्याचं पाकीट नीट वाचा, कारण जातीजातीत महिन्या-दीड महिन्याचा फरक पडतो. ‘पुसा नारंगी’ला पेरल्यापासून फुलायला सव्वाशे दिवस तरी लागतात, म्हणजे जुलैच्या शेवटी बी पेरायला हवं. बहुतेक संकरित जाती अडीच महिन्यांत येतात, त्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतील. मी ‘पुसा नारंगी’च सुचवीन, कारण तिचं बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं, संकरिताच्या बियांतून तशीच फुलं येत नाहीत. पहिल्या खेपेला मी भर पावसात सपाट जमिनीवर बी टाकलं आणि काळ्या मातीत पाणी साचून निम्मी रोपं कुजली. तेव्हा वाफा वीतभर उंच करा, त्यात शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा. महिन्याभराने रोपं हातभर अंतरावर लावा आणि ती जोमात आली की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात.

शेवंतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे माझी खरी फजिती झाली. तिला कळी धरायला रात्र मोठी लागते आणि ती अंधारीही असावी लागते. फाटकाजवळची माझी सहा झाडं डिसेंबर उजाडला तरी नुसती हिरवीगार. मागच्या अंगणातली, त्याच दिवशी लावलेली, फुलांनी वाकलेली. किती दिवस मी खतालाच दोष देत होते! कारण होतं रस्त्यावरचा दिवा. तेव्हा शेवंती दिव्यापासून लांब लावा आणि तिच्याजवळचा गॅलरीतला दिवा रात्रभर जळत ठेवू नका. फुटवे (जुन्या झाडाच्या बुडाशी येणारी कोवळी रोपं) आत्ताच लावून टाका, शेंडे ऑगस्टअखेरपर्यंत दोनदा खुडा, त्यानंतर कात्री लावू नका. मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी तेल फवारा.

आता परिमाण. झेंडूच्या एका रोपाला हंगामभरात पाव किलोच्या आसपास फुलं मिळतात, आणि तीही एकाच दिवशी नाहीत. त्यामुळे मांडवाच्या लांब माळांसाठी आदल्या पहाटे चोइथराम मंडीतून आसपासच्या गावांतली फुलं आणा. त्यात काही कमीपणा नाही. दुरून थंड गाडीतून आलेले कार्नेशन आणि रंगात बुडवलेली पांढरी फुलं मात्र टाळा. घरची फुलं देवघर, चौरंग, बोहलं आणि दाराचं तोरण यांसाठी राखून ठेवा.

सजावटवाले फुलं खोचायला हिरवी स्पंजासारखी वीट वापरतात, तिला ठाम नकार द्या. ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक असतं. चुरडलं की त्याचे बारीक कण पाण्याबरोबर मोरीत जातात. आपल्या शहराला ओला-सुका वेगळा करायची चांगली सवय लागली आहे, पण या विटेत खोचलेली फुलं ना ओल्यात जातात, ना सुक्यात. त्याऐवजी केळीचा बुंधा घ्या. घड उतरवल्यावर तो तसाही तोडलाच जातो. त्याचे फूटभर तुकडे करा, सळईने भोकं पाडा आणि देठ तिरपा कापून खोचा. बुंध्यात पाणी भरपूर असतं, डिसेंबरच्या थंडीत फुलं दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहतात. बाकी घरातली पितळी घंगाळं, तांबे, परात आहेतच. माळा सुती दोऱ्यात ओवा. नायलॉनचा दोरा आणि चमकी असली की खत करताना एकेक माळ सोडवत बसावं लागतं.

लग्नानंतर बुंधे बारीक चिरून फुलांबरोबर खड्ड्यात घाला, मध्ये सुक्या पानांचे थर द्या. झेंडूची शेवटची पंचवीसेक फुलं झाडावरच वाळू द्या, बी तिथूनच मिळेल.

अंगणाची लांबी-रुंदी, ऊन किती तास येतं आणि रस्त्याचा दिवा कुठल्या बाजूला आहे, एवढं कळवा. वाफे कसे पाडायचे ते मी आखून देते.