आधी कुठं बघायचं, ते वय आणि लिंग सांगतात

प्रिय डॉक्टर,

पाच दिवसांपूर्वी शेतात खुरपत असलेली बाई आज शेजारीण विष घालते म्हणून पाणीसुद्धा पीत नाही, असं अचानक होतं का, असं विचारलंयस. होतं. याला अल्पकालीन तीव्र सायकोसिस म्हणतात, म्हणजे भ्रम-भास होऊन वास्तवाचं भान सुटणं. आणि पुष्कळदा ते तितक्याच लवकर ओसरतंही. सकाळी हसेल, दुपारी रडेल, रात्री भ्रमाचा विषयच बदललेला असेल. निदानाचं अमेरिकन पुस्तक डीएसएम याला एक दिवस ते एक महिना मुदत देतं, जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आयसीडी-११ तीन महिन्यांपर्यंत थांबते.

हा 'बायकांचा आजार' असं कोणी तुला सांगेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. जर्मनीतल्या हाले शहरातल्या अभ्यासात जवळजवळ चारपंचमांश रुग्ण स्त्रिया होत्या, वय साधारण पस्तिशीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांच्या अभ्यासात आपलं आग्रा आणि चंदीगडही होतं. ती माहिती पुन्हा तपासून १९९४ साली निष्कर्ष निघाला की स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट असतं, मात्र विकसनशील देशांत हा आजार एकूणच दहापट अधिक दिसतो. म्हणजे आपल्या ओपीडीत पुरुषही भरपूर येणार, आणि पस्तिशीच्या आतलेही. 

मी वय आणि लिंग निदानासाठी वापरत नाही. आधी कुठं बघायचं, एवढंच त्यावरून ठरवतो. विशीतला मुलगा आला की गांजाबद्दल विचारतो, तेही आईला बाहेर बसवून. तो बरा झाला तरी त्याला तपासणीला बोलवत राहतो. पुढं स्किझोफ्रेनिया, म्हणजे दीर्घकाळ चालणारा सायकोसिस, ठरण्याची शक्यता तरुण मुलांत जास्त असते. बाळंतीण असेल तर पहिला प्रश्न बाळ कुणाजवळ आहे हा. हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना हे होतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या मागे बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी येणारा, आजार असतो.

साठीनंतर पहिल्यांदाच भास झाले, तर सायकोसिस शब्द लिहायच्या आधी पेन खाली ठेव. मी ठेवलं नव्हतं. एका आजोबांना मानसिक आजाराचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, सोडियम घसरलेलं. वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले असते तर ते दोन नावं म्हणताच अडखळले असते आणि शरीरातल्या बिघाडानं भान गढूळलंय हे मला तिथंच कळलं असतं. लघवीचा संसर्ग, नवीन सुरू झालेली गोळी, हे सगळं आधी.

अंगात येणं आणि हे, यात गल्लत नको. जत्रेत अंगात येतं ते उतरतं, लोकांना ठाऊक असतं कधी उतरणार. इथं घरचेच सांगतात, 'हे नेहमीचं नाही.'

आता तुझ्या त्या बाईबद्दल. तिची सासू बाहेर बाकावर बसली असेल, आणि माहेरी पाठवून द्यायचं मनात ठरवत असेल. पुरुष वेडावला की त्याला उपचार मिळतात, बाई वेडावली की तिला माहेर मिळतं. हे मी कितीदा पाहिलंय. सासूला आजच आत बोलव. यातली बरीच माणसं पूर्ण बरी होतात, मात्र काहींना पुन्हा होतं, हे दोन्ही सांग. आणि पुढची तारीख केस पेपरवर लिहून तो नवऱ्याच्या नव्हे, तिच्या हातात दे.

तुझे,
सर