‘फोकलोर’ला लोककथा म्हणावं का?

प्रश्न असा आहे: त्रिनिदादचे जॅझ ट्रंपेटवादक एटिएन चार्ल्स यांच्या ‘फोकलोर’ (२००९) या अल्बमबद्दल मराठीत लिहिताना प्रश्नकर्त्याने ‘कॅरिबियन लोकसाहित्यावर बेतलेला जॅझ’ असं लिहिलं. त्यावर एका वाचकाने हरकत घेतली, की ट्रंपेट आणि ढोलांच्या वाजवण्यात साहित्य कुठून आलं? सरळ ‘लोककथा’ म्हणा.

लोककथा म्हणू नये, असं मला ठामपणे वाटतं. या अल्बममध्ये कोण येतं ते पाहा. डुएन म्हणजे बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेली पोरं. चेहऱ्यावर ना नाक ना डोळे, डोक्यावर भली मोठी गवती टोपी, पावलं उलटी. ती लहान मुलांना नावानं हाका मारून रानात नेतात, म्हणून तिथे अंधार पडल्यावर मुलांची नावं घराबाहेर मोठ्यानं घ्यायची नाहीत, असं जुनी माणसं सांगत आली. आता यात कथा कुठे आहे? कुठल्या गावात, कोणाचं पोर, पुढे काय झालं, यातलं काहीच नाही. हा समज आहे, आणि त्याच्या पोटी आलेला घरातला एक नियम.

माझी आजी कोकणातली. ‘रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरी होऊ दे,’ एवढंच सांगायची. का, कोण हाक मारतं, हे तिनं कधी सांगितलं नाही. कंदिलाची काच पुसता पुसता हात थांबवून बाहेर कान द्यायची, आणि आम्ही श्वास धरून हाका मोजायचो. तिच्याकडून मला गोष्ट मिळाली नाही, पण त्या तीन हाकांमधली शांतता मिळाली. वादकाला तर कथानकापेक्षा ही शांतताच जास्त उपयोगी पडत असणार.

दुसरं उदाहरण सुकुयाँचं. त्रिनिदादच्याच लोकसमजुतीतली ही म्हातारी रात्री कातडं उतरवून उखळात ठेवते आणि आगीचा गोळा होऊन रक्त प्यायला निघते. दाराशी तांदूळ पसरून ठेवले तर तिला दाणान् दाणा मोजावा लागतो आणि तेवढ्यात उजाडतं. हा झाला तोडगा. त्रिनिदादमधल्याच पारामिन या डोंगरातल्या गावी कार्निव्हलच्या सणाला अंगभर निळा रंग फासून, बिस्किटांचे पत्र्याचे डबे बडवत ‘निळे सैतान’ निघतात. चार्ल्स यांच्या कार्निव्हलवरच्या अल्बममध्ये (२०१९) तेही आहेत. त्या डब्यांच्या ठेक्याला तर कोणी कथा म्हणणार नाही.

‘फोकलोर’ हा इंग्रजी शब्द विल्यम थॉम्स यांनी १८४६ मध्ये घडवला. त्यातल्या ‘लोर’चा मूळ अर्थ शिकवण, ज्ञान. म्हणून अभ्यासकांच्या लेखनात आढळणारा ‘लोकविद्या’ हा शब्द मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा. पण तो बोलण्यात रुळला नाही. रुळला तो ‘लोकसाहित्य’. दुर्गाबाई भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या पुस्तकामुळे तो पुष्कळांना ओळखीचाही आहे.

आता वाचकाची मूळ अडचण. साहित्य म्हटलं की छापलेलं पुस्तक डोळ्यांसमोर येतं, हे खरं. पण आपण पूजेचं साहित्य म्हणतो, चकलीचं साहित्य म्हणतो, गवंड्याचं साहित्य म्हणतो. ‘सहित’पासून आलेला हा शब्द, एकत्र जमवलेलं, कामाला लागणारं सगळं त्यात बसतं. समज, तोडगे, नाच, सोंगं, ठेके हे सगळं चार्ल्स यांच्यापुढे असंच साहित्य म्हणून येतं. मराठीने दोन अर्थ एका शब्दात ठेवले आहेत ते इथे किती उपयोगी पडतात!

तरीही वाक्य वाचकाला अडत असेल तर ते बदलावं. मी असं लिहीन: ‘त्रिनिदादच्या लोकसमजुतींतली भुतंखेतं आणि तिथलं लोकसंगीत यांतून घडलेला जॅझ.’ मात्र डुएनचा ‘मुंजा’ करू नये. मोह होतो, कारण मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, म्हणजे दोन्हीकडे गोष्ट अडली आहे ती संस्कारापाशी. पण मुंजा म्हटलं की पिंपळ आला, पार आला, आणि ती गवती टोपी गेली. नाव डुएनच ठेवावं, पुढे अर्ध्या ओळीत ओळख द्यावी.

एक राहिलं. प्रश्नकर्त्याच्या त्याच लेखात कॅलिप्सोला, म्हणजे त्रिनिदादच्या गाण्याच्या एका प्रकाराला, ‘लोकगीत’ म्हटलं आहे, ते मात्र दुरुस्त करावं. लोकगीताचा कर्ता सहसा अज्ञात असतो. कॅलिप्सो रचणारे माइटी स्पॅरो, लॉर्ड किचनर, रोअरिंग लायन हे नावानं गाजलेले लोक आहेत, आणि चार्ल्स यांनी ‘कैसो’ (२०११) हा अल्बम या तिघांच्या गाण्यांवरच केला. कैसो हे कॅलिप्सोचं जुनं नाव. गाणाऱ्याला दाद देतानाही ‘कैसो!’ असं ओरडतात, आपण ‘वाहवा!’ म्हणतो तसं. मराठीत कॅलिप्सोला शाहिरी कवनाशेजारी बसवावं; तिथेही शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतोच.