जळालेली पद्मिनी आणि सहा लाखांचं कर्ज

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो. वय ३९, महापे एमआयडीसीत नोकरी. सहा वर्षांपूर्वी ठाण्याला नौपाड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली आणि रबाळ्याच्या एका गॅरेजमध्ये रविवार-रविवार करत उभी केली. टिंकरिंग, रंग, बकेट सीट, नवं वायरिंग, म्युझिक सिस्टीम. गाडीच्या किमतीसकट ६ लाख ४० हजार खर्च झाले. नऊ वर्षांची मुलगी पाने हातात द्यायला सोबत असायची. दहा दिवसांपूर्वी पाम बीच रोडवरून चक्कर मारून आलो, सेक्टरमध्ये रस्त्याकडेला गाडी लावली आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून धूर. बंब येईपर्यंत सांगाडा उरला होता. शेजाऱ्यांची स्कूटरही जळाली. विमा फक्त थर्ड पार्टीचा; इतक्या जुन्या गाडीला दुसरा कोणी देत नाही, असं एजंट म्हणाला होता.

कल्याणला एक पद्मिनी १ लाख ६० हजारांना मिळतेय, पण १५ तारखेच्या आत सांगायचंय. बँक ६ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी द्यायला तयार आहे. मुलीसाठीची महिन्याला १५ हजारांची एसआयपी थांबवली तर हप्ता जवळपास निघतो. किंवा गृहकर्जावर ९ टक्क्यांचं टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेता येईल. माझा पगार हातात १ लाख १२ हजार, पत्नीचे क्लासचे २४ हजार. घराचा हप्ता ३६ हजार, घरखर्च ५५ हजार, शाळा ८ हजार, गावी आईवडिलांना ६ हजार. एफडी साडेचार लाख. पत्नी म्हणते, वर्षभर थांब. मला थांबवत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात आकड्यांखाली रेघा मारल्या. दुसऱ्या वाचनात ‘पाने हातात द्यायला’ इथे थांबले. तुमचं नुकसान पैशांहून मोठं आहे हे मला कळतंय, म्हणूनच ते कर्जाने भरून काढू नका, असं सांगतेय.

६ लाख ४० हजार ही रक्कम तुम्ही एका दिवसात दिली नव्हती. बहात्तर महिन्यांत विभागली, तर महिन्याला साधारण ८,९०० रुपये पडतात. घर चालवून, एसआयपी भरून, कोणाकडे हात न पसरता तुम्ही तेवढे काढत होतात. हा छंद तुमच्या ऐपतीत होता. मी तुमच्या घरची असते, तरी तेव्हा नाव ठेवलं नसतं. आता मात्र सहा वर्षांचं काम सहा महिन्यांत करून हवंय. कारण गाडी एका सकाळी गेली, म्हणून ती तशीच एकदम परत यावी असं वाटतं. त्या घाईची किंमत आधी पाहू.

सहा लाख, १४ टक्के, ४८ महिने : हप्ता साधारण १६,४०० आणि व्याज सुमारे १ लाख ८७ हजार. पण खरी किंमत व्याजात नाही, थांबवलेल्या एसआयपीत आहे. १५ हजारांची एसआयपी चार वर्षं बंद राहिली आणि परतावा १० टक्के धरला (ही धारणा आहे, हमी नव्हे), तर चार वर्षांअखेर जमले असते असे साधारण ८ लाख ८० हजार जमत नाहीत. मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे आणखी पाच वर्षांनी, तीच रक्कम साडेचौदा लाखांच्या घरात असती. कॉलेजच्या प्रवेशाच्या वर्षी हा खड्डा दिसेल, आणि तेव्हा तो भरायला हाताशी पुन्हा कर्जच असेल.

टॉप-अप दिसायला गोड आहे. १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,०८६. तुमच्या शिलकीत आरामात बसतो. पण पंधरा वर्षांत तुम्ही १० लाख ९५ हजार फेडाल, म्हणजे जवळजवळ पाच लाख नुसतं व्याज. आणि तारण काय, तर राहतं घर. मुदत कमी केली तर व्याज घटेल, हप्ता वाढेल. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या तीस वर्षं जुन्या गाडीसाठी घरावरचं कर्ज वाढवू नका. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आता एफडी. घराचा हप्ता, घरखर्च, शाळा आणि गावचे पैसे मिळून तुमचा न टळणारा खर्च महिन्याला १ लाख ५ हजार आहे. साडेचार लाख म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने. एकाच मोठ्या पगारावर घर आणि त्यावर कर्ज असताना मी सहा महिन्यांचा, म्हणजे ६ लाख ३० हजारांचा आग्रह धरते. तेव्हा या एफडीतून गाडीसाठी काढण्याजोगं काही नाही. उलट तीच १ लाख ८० हजारांनी तोकडी आहे. शिवाय तुमच्या पत्रात टर्म विम्याचा उल्लेख नाही. नसेल तर पद्मिनीआधी तो.

कल्याणच्या गाडीबद्दल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी उरली नाही आणि कुर्ल्याचा कारखाना तर कधीचाच बंद आहे. त्यामुळे ‘आता अशी गाडी मिळायची नाही’ हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणणार, आणि दहा दिवसांपूर्वी ज्याची गाडी जळाली त्याच्या काळजाला ते लागणारच. पण या गाड्या जुन्या घरांच्या आवारात, ताडपत्रीखाली अजून उभ्या असतात. तुमची तरी कुठे मिळाली होती, नौपाड्यातच ना? १५ तारीख जाऊ द्या.

सुरुवात करायची तर अशी करा. सगळा खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिना १६ हजार उरतात. त्यातले ९ हजार पूर्वीसारखेच गाडीचे, वेगळ्या आरडीत. ७ हजार एफडीची तूट भरायला. सव्वादोन वर्षांच्या आत ती भरून निघेल. बोनस मिळत असेल तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. वर्षभरात गाडीच्या नावावर १ लाख ८ हजार आणि थोडं व्याज जमेल. बोनसची भर पडली तर चांगली बॉडी रोख घेता येईल. पत्नी वर्षभर थांब म्हणतात, तो अंदाज हिशेबाला अगदी धरून आहे. एसआयपीला हात लावू नका.

हे झालं पुढचं. या आठवड्यात करायच्या दोन-तीन गोष्टी मात्र मला जास्त तातडीच्या वाटतात, कारण त्यांत पैशांहून मोठा धोका आहे.

शेजाऱ्यांच्या स्कूटरचे पैसे द्यायला तुम्ही निघाला असाल. जरा थांबा. तुमची थर्ड पार्टी पॉलिसी तुमच्या गाडीचं काही देणार नाही, पण दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी तिच्यात एरवी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. त्याच पॉलिसीत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. म्हणून आधी कंपनीला आगीची लेखी खबर द्या; अग्निशमन केंद्राचा अहवाल आणि पोलिसांकडची नोंद काढून ठेवा. शेजाऱ्यांच्या स्कूटरला पूर्ण विमा असेल, तर आगीचं नुकसान त्यांच्याच पॉलिसीतून लवकर मिळेल. त्यांना पदरचे काही भरावे लागले किंवा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) गेला, तर तेवढी भरपाई कशी करता येईल ते कंपनीला विचारून ठरवा. उद्या सकाळी त्याच गल्लीत एकमेकांना तोंड दाखवायचंय, त्यामुळे हे सगळं त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगा.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. भंगारवाला आरसीसकट (नोंदणी प्रमाणपत्रासकट) मागेल, कदाचित आरसीचेच जास्त पैसे देईल. देऊ नका. तुमच्या नावावरची आरसी आणि चासी नंबरची पट्टी उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर चढली, तर पोलीस तुमच्या दारात येतील. गाडी नष्ट झाली की १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी परत करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. दहा दिवस पत्र लिहितानाच झाले होते. गाडी कोणत्या आरटीओत नोंदलेली आहे ते आरसीवर पाहा, तिथे अर्ज द्या, पोच घ्या. ‘जुनाच नंबर नव्या बॉडीला लावून देतो’ असं कोणी गॅरेजमध्ये म्हणालं, तर तिथेच नाही म्हणा. त्या नंबरात जीव गुंतलेला असतो, मान्य, पण चासी नंबर बदलणं हा गुन्हा आहे.

विम्याबद्दल एजंटने तुम्हाला अर्धंच सांगितलं. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालकाने मिळून ठरवायची असते. जुन्या गाडीला पूर्ण पॉलिसी द्यायला कंपन्या कां-कूं करतात, गाडी तपासून मागतात. पण विचारावं लागतं, आणि चार ठिकाणी विचारावं लागतं. शिवाय थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी एवढंच मर्यादित संरक्षण घेण्याची सोय आपल्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या सामायिक नियमावलीत, होती; तेही विचारा. गाडी काम चालू असताना रस्त्यावर नसेल, त्या काळासाठीही आग-चोरीचं संरक्षण मागता येतं. पूर्ण पॉलिसीत आग, स्फोट, आपोआप पेट घेणं हे सगळं येतं. मात्र बसवलेल्या वस्तू जाहीर केलेल्या असाव्या लागतात. म्युझिक सिस्टीमसारख्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी टॅरिफचा दर किमतीच्या ४ टक्के होता; ४० हजारांच्या सिस्टीमला वर्षाला १,६०० रुपये. रबाळ्याच्या गॅरेजवाल्याकडून यापुढे प्रत्येक कामाचं पक्कं बिल घ्या आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या आधी किंमत वाढवून सांगा. तुम्ही सहा वर्षं गाडीत पैसे घातलेत, आणि विम्याच्या कागदावर ती शेवटच्या दिवसापर्यंत शून्य होती. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटली.

यावेळी मोठं, नव्या गाडीचं इंजिन बसवायचा मोह होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं. परवानगीविना केलेला बदल म्हणजे दावा नाकारायला कंपनीच्या हाती दिलेलं कारण. घेताना आरसीची मुदतही पाहा : वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालं आहे, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. आरसी संपलेली गाडी स्वस्त दिसते, तिच्या किमतीत हे धरा.

आग कशाने लागली हे तुम्ही लिहिलं नाही. ते शोधल्याशिवाय दुसरी गाडी घेऊच नका. मी मेकॅनिक नाही, पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत कडक होऊन चिरलेला पेट्रोलचा रबरी पाइप आणि फ्यूज-रिलेविना ओढलेल्या जादा वायरी ही दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या जातीच्या रबराला ते सोसत नाही. नव्या गाडीत पहिले पैसे रंगावर घालू नका. इथेनॉल सोसणारे पाइप, बॅटरीचा कट-ऑफ स्विच, सीटखाली अग्निशामक सिलिंडर, यांवर घाला. मुलगी त्या गाडीत बसणार आहे.

आणि वर्षभर नुसतं थांबायचं, असंही नाही. सांगाडा हलवण्याआधी इंजिन उतरवून गॅरेजमध्ये स्टँडवर ठेवा. आगीत हेड वाकलंय का, ब्लॉकला तडा गेलाय का, ते एखाद्या चांगल्या मशीन शॉपमधून तपासून घ्या. आरसी रद्द करताना इंजिन स्वतःकडे ठेवल्याचं आरटीओला लिहून द्या, म्हणजे पुढे ते दुसऱ्या पद्मिनीत बसवायची मंजुरी मागताना कागद हाताशी असेल. ब्लॉक शाबूत निघाला, तर ते उघडायला, धुवायला, पुन्हा बांधायला गॅस्केट किट आणि किरकोळ सामान लागेल. ते महिन्याच्या ९ हजारांत बसेल. कल्याणची गाडी नको, बँक नको. येत्या रविवारी मुलीला घेऊन रबाळ्याला जा.