घरट्यासमोरची फांदी आणि भाऊजींचा धंदा

पत्र: गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमची वाडी आहे. तिथल्या जुन्या आंब्यावर समुद्री गरुडाचं घरटं आहे. आमच्या होमस्टेत फोटोग्राफर उतरतात, धाकटे भाऊजी त्यांना फिरवतात. यंदा घरटं नीट दिसावं म्हणून त्यांनी समोरची फांदी तोडली. पक्षी उडावा म्हणून डबा वाजवतात, गरुडाने झडप घालावी म्हणून तरंगता राहील असा थर्मोकोल भरलेला बांगडा खाडीत टाकतात. घराचं कर्ज याच पैशांतून फिटतंय. बोलले तर भांडण, गप्पही बसवत नाही. काय करू?
– एक वहिनी

ताई, बांगड्याचा प्रकार आजच बंद करायला लावा. तो थर्मोकोल पिलाच्या पोटात जातो, तिथे तडजोड नाही.

ही मादी बहुधा २ अंडी घालते आणि पुष्कळदा एकच पिल्लू जगतं. सुमारे ४० दिवस उबवणी, पुढे दोन-अडीच महिने पिल्लू घरट्यातच. फांदी गेली की दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येतं, शिवाय कावळ्यांना घरटं उघडं पडतं. डब्याच्या आवाजाने मोठा पक्षी उठला की कावळ्याचं फावतं. पिल्लू उडायच्या बेतात असेल तर दचकून अपुऱ्या पंखांनी उडी घेतं आणि खाली येतं. तुटलेल्या फांदीच्या जागी झावळ्या बांधायला आता कुणाला वर चढवू नका; ती भीती दुसऱ्यांदा कशाला?

भाऊजींशी बोलताना सुरुवात पैशांपासूनच करा. ही जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर काटक्या रचत जाते. त्रास वाढला की ते सोडते. मग पुढच्या हंगामात पाहुण्यांना काय दाखवणार?

पाहुण्यांना खाडीवर न्यायला भाऊजींना सांगा. गरुडाची बसायची जागा ठरलेली असते, बहुतेक एखादं वाळकं झाड. खाली माशांचे काटे आणि पांढरी शीट दिसते. सकाळी ऊन पाठीशी घेऊन होडी १०० मीटरवर थांबवायची, इंजिन बंद. ६०० मिलिमीटरची लेन्स असली तर मासा उचलतानाचा फोटो इथेच मिळतो. घरट्यातला पक्षी तसाही अर्धा काटक्यांत लपलेला असतो (फोटोग्राफरांना हे कळतं, पण हौस सुटत नाही). होडीचं भाडं वेगळं लावा.

घरटं दाखवायचंच तर दीडशे मीटरवरून, ११ ते ४ सोडून. पक्षी उभा राहिला, मान ताणली किंवा ओरडू लागला की सगळ्यांनी मागे. जागेचा पत्ता फोटोसोबत टाकू नये, हे पाहुण्यांना आधीच बजावा.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. हे मात्र सासऱ्यांकडून ऐकवा. वहिनीचं बोलणं दीर हसण्यावारी नेईल, वडिलांचं नेणं कठीण. एवढं करूनही कोयता पुन्हा निघाला, तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. फोन करण्याआधी मिस्टरांना सांगून ठेवा. त्यांना ते बाहेरून कळलं तर गरुड राहील बाजूला आणि भांडण तुमच्या दोघांत लागेल.