आधी रिळं, मग गवंडी

प्रश्न: नमस्कार ताई, कॅम्पात आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे, दगडविटांचं, चुन्यातलं. व्हरांड्याच्या भिंतीचे पोपडे निघतायत, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं खरवडून सिमेंट मारू. सामान हलवताना माळ्यावर आजोबांची आठ एमएम फिल्मची सात रिळं सापडली, साठच्या दशकातली, एका डब्यावर 'मेन स्ट्रीट, नाताळ' लिहिलंय. दोन डबे उघडले तर व्हिनेगरचा वास. प्रोजेक्टर चालतोय, आई ८२ वर्षांची आहे, तिला लावून दाखवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नका हो, प्लीज प्रोजेक्टरला लावू नका. आणि गवंड्यालाही थोडं थांबवा, कारण दोन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत.

ही फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची असते, उकाड्याने आणि दमटपणाने तिच्यातून ॲसिड सुटतं, तोच तो वास, आणि घट्ट डब्यात ते कोंडलं की सडणं अजून वाढतं, शेजारच्या रिळांनाही लागतं. म्हणून ती दोन आजच वेगळी काढा, पत्र्याच्या डब्यातून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोरड्या जागी ठेवा. माळा नको. अशी फिल्म आक्रसते, मग प्रोजेक्टरचा दात भोकात बरोबर बसत नाही आणि कडा फाडत जातो, एकदा फाटलं की संपलं. पण वास आला म्हणजे चित्र गेलं असं नाही! दात न वापरता एकेक फ्रेम टिपणारा स्कॅनर असतो, तसं करणाऱ्याकडेच द्या, वासाची दोन आधी. पेट घेईल अशी भीती मात्र नको. २००३ साली आपल्या पुण्यात फिल्म अर्काइव्हची जी रिळं जळाली ती जुनी, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटची होती, आठ एमएम त्यातली नाही.

आता भिंत. स्कॅन हातात आलं की व्हरांडा जिथे जिथे दिसतो ती फ्रेम थांबवून बघा, कठडा लाकडी होता का लोखंडी, कमानीवर नक्षी होती का, कौलाखाली झालर होती का. नाताळच्या रिळात रस्त्यावरची शेजारची घरंही असतील. हे सगळं आता कुणाला तोंडपाठ नाही, आणि गवंडी आपल्याला जमेल तसं करून मोकळा होतो.

सिमेंट तर नकोच. चुन्याची भिंत आत आलेली ओल बाहेर सोडते, वरून सिमेंट मारलं की ओल आत अडकते, क्षार फुगतात आणि पोपड्यासोबत वीटही सुटून येते. माझ्या मावशीच्या वाड्यात दोनच पावसाळ्यांत हे झालं, हात लावला की विटेचा भुगा पडायचा, अजून जीव हळहळतो. आधी ओल कुठून येते ते शोधा, बहुतेक वेळा फुटकं कौल नाहीतर तुंबलेली पन्हळ निघते. मग चुन्याचंच प्लास्टर, वरून नीरू म्हणजे बारीक चुन्याचा गुळगुळीत थर, आणि रंग पण चुन्याचाच, ऑइलपेंट नाही. चुन्यात काम केलेले गवंडी कमी आहेत पण आहेत, जुन्या वास्तूंचा वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या पुणे शाखेत विचारा. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, घाई करणारा माणूस घेऊ नका.

आणि आई. घरच्या आठ एमएमला बहुतेक आवाज नसतो. एक रीळ जेमतेम चार मिनिटांचं, त्यामुळे स्कॅन टीव्हीवर लावा, शेजारी फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या, हे दुकान कुणाचं, ती टोपीवाली कोण, मध्ये टोकू नका. मूळ रिळं मात्र स्कॅन झाल्यावरही टाकायची नाहीत.