ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या जुन्या कॉन्सर्टचं 'मॅट्रिक्स' रेकॉर्डिंग म्हणजे काय? ते साउंडबोर्डपेक्षा चांगलं असतं का?

एकाच कॉन्सर्टची दोन रेकॉर्डिंग्ज, एक साउंडबोर्डवरून (म्हणजे स्टेजवरचे माईक आणि वाद्यं जिथे एकत्र मिसळतात त्या मिक्सिंग टेबलावरून) घेतलेलं आणि एक प्रेक्षकांत माईक उभा करून केलेलं, चाहते नंतर जुळवून एकत्र मिसळतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आणि हो, नीट केलेलं असेल तर ते बहुतेक वेळा नुसत्या साउंडबोर्डपेक्षा सरस वाटतं. कारण साउंडबोर्डचा मिक्स हॉलमधल्या स्पीकरसाठी केलेला असतो. गिटारचा अ‍ॅम्प स्टेजवरूनच दणाणत असेल तर बोर्डावर गिटार कमी ठेवतात. मग टेपवर गाणाऱ्याचा आवाज अगदी पुढे आणि गिटार कुठेतरी मागे, असं होतं. हॉलची घुमणूक आणि लोकांचा गलका तर त्यात जवळपास नसतोच. प्रेक्षकांतली टेप नेमकी हीच उणीव भरून काढते.

खरी मेहनत जुळवण्यात आहे. स्टेजपासून ३० मीटरवरच्या माईकपर्यंत आवाज पोचायला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात, शिवाय दोन टेपरेकॉर्डरचा वेग कधी तंतोतंत सारखा नसतो. त्यामुळे नुसती सुरुवात जुळवून भागत नाही, पुढेही वेग सुधारत जावं लागतं. नाहीतर स्नेअर ड्रमचा एकच ठोका दोनदा ऐकू येतो. या बँडने प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करू दिलं, १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली, म्हणून कच्चा माल मुबलक आहे.

मात्र मूळ साउंडबोर्डच उत्तम असेल, जसं ८ मे १९७७ चं कॉर्नेल विद्यापीठातलं, तर आधी तेच ऐका.