मुलगी सारखी काहीतरी पोस्ट करते, हे व्यसन आहे का?

समुपदेशनासाठी गोव्यातल्या डिचोलीहून आलेल्या आईने विचारलं, ‘‘मॅडम, पोरीच्या हातातला फोन सुटत नाही. दिवसभर काही ना काही टाकत असते. घेऊन ठेवू का?’’ कॉलेजला जाणाऱ्या मुलांचे अनेक पालक हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. अळमी (रानटी मशरूम) रोयणीवरच, म्हणजे वाळवीच्या वारुळावरच, का उगवतात, नेत्रावळीच्या बुडबुड तळीत बुडबुडे कसे वर येत राहतात, सकाळच्या कदंब बसची वेळ बदलली, असं ती टाकायची. एकटीशी बोलल्यावर कळलं, की तीन आठवडे तिने काहीच टाकलेलं नव्हतं. पावसामुळे कॉलेजं बंद असल्याचं एक परिपत्रक तिने वर्गाच्या ग्रुपवर पाठवलं, ते गेल्या वर्षीचं निघालं आणि दोघींचं प्रॅक्टिकल बुडालं. आता ती टाकत नव्हती, फक्त बघत होती.

हा फरक आईच्या नजरेतून सुटणं साहजिकच, कारण दोन्ही वेळा हातात फोनच दिसतो. म्हणून आधी सात दिवस वहीत तीन रकाने लिहायला दिले : फोन उघडल्याची वेळ, कशासाठी उघडला, ठेवताना कसं वाटलं. एका दिवशी नोंदी 46 झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त ‘कोण काय बोललं ते बघायला’. बहुतेक वेळा नवीन काहीच नसतं, कधीतरी एखादा शेरा सापडतो, आणि ‘कधीतरी’मुळेच हात पुन्हा पुन्हा जातो. बक्षीस अनियमित मिळालं की सवय चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. मांडवी नदीतल्या कॅसिनोंची जुगाराची यंत्रंही याच तत्त्वावर चालतात. फोन काढून घेतला असता तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघत बसली असती, आणि चूक दुरुस्त करायची वाटही बंद झाली असती.

मग ग्रुपवरचे शेरे मोजले. एकूण 14. नऊ जणांनी ‘नक्की का?’ एवढंच विचारलं होतं, तिघांनी तारीख दाखवली होती, दोघांनी टोचून बोललं होतं. तिच्या डोक्यात ते दोघेच राहिले होते.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर 15 मिनिटांत बदलता येतो, सर्वांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात. दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या, म्हणून त्याच ग्रुपवर तीनच ओळी लिहायच्या ठरवल्या : काय चुकलं, खरं काय, कुठे तपासलं. शेवटी ‘माझ्यामुळे त्रास झाला, माफ करा’ हे एक वाक्य. लांबलचक खुलासा केला की त्यातल्या एखाद्या शब्दावरून नवा वाद उभा राहतो. तिने अर्धं पान लिहून आणलं होतं, ते खोडायलाच अर्धा तास गेला. प्रॅक्टिकल बुडालेल्या दोघींना मात्र तिने प्रत्यक्ष भेटावं असं सुचवलं. ती भेटली.

पुढच्यासाठी : परिपत्रकाची तारीख आणि क्रमांक आधी बघायचा. दुहेरी बाणाची खूण असेल तर संदेश बऱ्याच हातांतून आलेला असतो, मूळ ठिकाणी जाऊन खात्री होईपर्यंत पाठवायचा नाही. फोटो गूगल लेन्समधून तपासायचा. अळमीची नेमकी जागा लिहायची नाही, तालुका पुरे. नाहीतर दुसऱ्या दिवशी रोयण उकरलेली सापडते. पोस्ट टाकली की फोन दुसऱ्या खोलीत, बघायच्या वेळा दोन : दुपारी जेवल्यावर आणि संध्याकाळी सातला. इन्स्टाग्रामवरचे लाइकचे आकडे सेटिंगमधून लपवता येतात, तेही केलं.

आईला एकच काम दिलं : ‘पुन्हा फोन?’ऐवजी ‘आज काय सापडलं?’ विचारायचं. झोप, जेवण किंवा कॉलेज दोन आठवडे बिघडलेलं दिसलं तर थांबू नका, तज्ज्ञांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं मूल बोललं तर त्याच दिवशी दाखवा; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन लागतो.

चौथ्या भेटीपर्यंत नोंदी 46 वरून 11 वर आल्या. रात्रीची एकही नव्हती. तिने परत अळमीचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘सत्तरी’.